अहो बाबा

मुंगीने बापाला ‘अहो’ म्हटलं, तेव्हा तिच्या आईच्या अंगावर काटा आला.

सहा वर्षांची पोर. बोलायला लागल्यापासून ‘ए बाबा’ करत त्याच्या पाठीवर चढणारी. आणि त्या रविवारी, भर दुपारच्या लख्ख उजेडात, फोनवर बापाचा चेहरा उमटताच ती ताठ बसली आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही परत जा ना तिकडे."

बाप फौजी, दूर डोंगरातल्या ठाण्यावर. तिथून चित्र कधी धड येत नसे. चेहरा राखाडी होऊन थिजायचा, तोंड उघडंच राहायचं आणि आवाज मागाहून, विहिरीतून आल्यासारखा यायचा. "मुंगे... ऐकू येतंय का?" मुंगीने हळूच फोनवर उशी ठेवली. उशीखालून आवाज येतच राहिला.

आईने तेव्हा काही विचारलं नाही. कशाला विचारेल? घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. नवरा-बायकोचं पटत नाही हे दोघांनाही कबूल होतं. भांडण उरलं होतं ते मुलीच्या ताब्याचं. ताबा! घराचा घेतात, गाडीचा घेतात. लेकरासाठी कायद्याला दुसरा शब्द सुचला नाही. निकाल लागेपर्यंत कोर्टाने बापाला रविवारचा फोन आणि सुट्टीतली भेट ठरवून दिली होती. आईच्या डोळ्यांत तेवढंही सलत होतं. "जो कधी घरात नसतो, तो बाप कसला?" हे तिचं पालुपद.

पण हळूहळू घरात भलतंच काही सुरू झालं. दाराआड बापाचा जुना स्वेटर टांगलेला होता. त्याच्यासमोरून जाताना मुंगी भिंतीला चिकटून, श्वास रोखून जायची. तो हलवायला गेलं तर रडायची. एकदा आई कामावरून आली, तर आतल्या खोलीत मुंगी कुणाशीतरी कुजबुजत होती.

"तिकडे फार अंधार असतो का हो? आई म्हणते, तुमचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की तुम्ही येता ना?"

आईने दार ढकललं. खोलीत मुंगीशिवाय कुणी नव्हतं. फोन बाहेर, तिच्याच पर्समध्ये होता. मुंगी स्वेटरकडे बघत होती.

ही आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ विचारणारी बाई. स्वतःच्या घरात मात्र तिला जे हवं तेवढंच दिसलं. दुसऱ्याच दिवशी ती वकीलबाईंकडे गेली.

"मुलगी बापाला घाबरते हो. थरथरते नुसती. आयतंच सापडलंय, फोन आणि भेटी दोन्ही बंद करून टाका."

वकीलबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "का घाबरते? मारलंय त्यांनी कधी? आरडाओरडा?"

"खोटं कशाला बोलू? नाही. तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही त्याने."

"मग कारण कळेपर्यंत मी ही भीती कोर्टापुढे नेणार नाही. आणि तुमचं ते ‘घरात नसतो’ही जरा आवरा. तो माणूस पळून गेलेला नाही, त्याला पाठवलंय. हुकमाने लांब राहणं म्हणजे मुलीला टाकून देणं नव्हे."

"तुम्ही माझ्या वकील की त्याच्या?" आई फणकारली.

"तुमचीच. म्हणून तर तोंडावर बोलतेय. तो सुट्टीवर येतोय ना? भेटीला मीही येते."

कोर्टातल्या भेटीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, चाक निखळलेली खेळण्यातली एक मोटार होती, आणि ट्यूब उगाच लुकलुकत होती. बाप दारात येऊन थांबला. उन्हाने रापलेला, गाल बसलेले. आत यावं की नको, हेच त्याला कळेना.

मुंगीने आईचा हात सोडला. एकेक पाऊल टाकत ती त्याच्याजवळ गेली. त्याच्या मनगटाला एक बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. मग सगळा तळवा ठेवला.

"आई!" ती किंचाळली. "आई, हे गरम आहेत!"

"गरमच असणार ना गं," बाप हसायला गेला, पण त्याला हसता येईना.

"शेजारचे आजोबा गेले तेव्हा गार होते! मी हात लावला होता. गेलेल्या माणसांना अहो म्हणायचं असतं ना? तूच म्हणालीस ना आई, गेले तुझे बाबा, आता त्यांचं नाव काढायचं नाही!"

आई मुंगीपाशी येऊन गुडघ्यांवर बसली. भांडण झालं, दुसऱ्या सकाळी तो ड्युटीवर निघून गेला, आणि मुंगीने विचारलं, बाबा कुठाय? तेव्हा दार आपटत आई एवढंच बोलली होती. ‘गेले तुझे बाबा, आता त्यांचं नाव काढायचं नाही!’ साधा टोमणा. आणि तेव्हापासून ही पोर दर रविवारी मेलेल्या बापाचा फोन घेत होती! एकटी, कुणाला न सांगता!

"अरे देवा, काय केलं मी हे!" तिने मुंगीला कवेत घेतलं. "बाबा मेलेला नाही, राणी. मी चुकले. तो कामावर जातो, लांब. त्याचं-माझं जमत नाही, म्हणून आम्ही वेगळे राहणार. पण बाबा तुझाच आहे. सुट्टी मिळाली की तुला भेटायला येईल."

बापाने मान खाली घातली. त्याच्या मनगटावरचा चिमुकला हात अजून तिथेच होता.

बाहेर आल्यावर आई वकीलबाईंना म्हणाली, "फोन बंद करायचं राहू द्या. त्याची सुट्टी असेल तेव्हा मुंगी सलग त्याच्याकडे राहील, तसं लिहून द्या."

"हरलात असं वाटतंय?"

"लाज वाटतेय," आई म्हणाली.

घटस्फोट झाला. मुंगी आईकडे राहिली, बापाच्या सुट्टीत त्याच्याकडे. रडारड झाली, सामानाची वाटणी झाली, जे होतं ते सगळं झालं.

वाचकहो, संसार मोडायची वेळ कुणावरही येऊ शकते, आणि कायदा त्यातून वाट काढून देतो. पण आपला राग लेकराच्या कानात ओतू नका. लांब पाठवलेल्या माणसाची तर आणखी जपून आठवण काढा, कारण आपली बाजू सांगायला तो घरात नसतो. मोठ्यांनी रागात अर्धं सोडलेलं वाक्य मुलं आपल्या मनाने पुरं करतात, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ कुणीही नसतं.