नशीब सांडेल म्हणून

मित्रांनो, गाडी पंक्चर झाली की डिकीतून एक छोटा जॅक बाहेर काढतात, तो तुम्ही पाहिलाच असेल. मी त्याच्याच घराण्यातला, पण अंगाने थोराड आणि आता पार म्हातारा झालेला. चार लोखंडी चाके, एक लांब दांडा आणि पोटात तेल, एवढाच माझा संसार. ज्या कारखान्यात जन्मलो तिथला फक्त रंगाचा वास आठवतो. बाकी सारे आयुष्य अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, एकर्स भावंडांच्या शर्यतीच्या गाडीखाली गेले.

शर्यतीत लोक चालकाचे नाव घेतात. पण गाडी चाके बदलायला पिटमध्ये शिरते तेव्हा सारा खेळ माझ्या जिवावर चालतो. व्हर्लिन स्टॅम्पर नावाचा धिप्पाड गडी मला उचलून गाडीभोवती धावायचा, गाडीखाली सरकवायचा आणि दांड्यावर अंग टाकून एका दाबात तिला वर घ्यायचा. आधी उजवी बाजू, मग डावी. डाव्या चाकांचे नट आवळून झाले की तो मला खाली पाडायचा. गाडी धपकन जमिनीवर आली, की चालकाने सुटायचे. कुणी हात दाखवायचा नाही की ओरडायचे नाही. माझे पडणे हाच इशारा. चालकाचा पाय तेवढेच ओळखतो.

आमचा चालक रॉइस एकर्स. त्याची थोरली बहीण ओपल कानाला चालकाशी बोलायचे यंत्र लावून पिटच्या भिंतीवर बसायची आणि सगळ्यांना हुकूम सोडायची. रॉइसने आयुष्यातली पहिली शर्यत जिंकली, त्या दिवशी आमची चाके सर्वांत आधी बदलून झाली होती. त्याने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला, माझ्या डोक्यावर पांढरा तारा रंगवला आणि बजावले, "आजपासून याला कुणी उघडायचं नाही. नशीब आहे याच्या पोटात. उघडलात तर तेलाबरोबर सांडेल."

तुम्ही हसाल. पण शर्यतवाले असेच असतात. गॅरेजमध्ये टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा म्हणजे अपशकुन; त्या खाल्ल्या म्हणून रॉइसने एका जाहिरातवाल्याला बाहेर काढले होते. हिरवा रंगही तसाच अपशकुनी, तो सदरा घालून यायची तर कुणाची छाती नव्हती.

मला तेव्हा फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू? लोक यायचे, ताऱ्यावर हात ठेवून जायचे. पण त्या दिवसानंतर माझे तेल कुणी बदलले नाही. पोटातली रबराची सील झिजत गेली. व्हर्लिनचेही तेच झाले. सगळे त्याला 'आमचा बैल' म्हणून पाठीवर थाप मारायचे. तो धावून आला की भिंतीला टेकून हळूच गुडघा चोळायचा, ते फक्त मला दिसायचे. त्याच्या पायाशीच तर मी पडलेला असायचो. वर्षे गेली. दुसरा विजय काही आला नाही.

मग हंगामाची शेवटची शर्यत आली. शर्यतीचा खर्च उचलते म्हणून आमच्या गाडीवर कोंबड्यांचे खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीचे नाव असायचे. या हंगामात एकदा तरी जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही नाही, असे त्यांनी ओपलला कळवले होते. कंपनी गेली की गॅरेजला कुलूप लागणार, हे सर्वांना ठाऊक होते.

शर्यतीआधीची पाद्रीबाबांची प्रार्थना आटोपली आणि व्हर्लिनने माझ्याखाली बोट फिरवले. बोट तेलाने माखले.

"हा गळतोय रे. सील बदलू दे मला. आत्ता होईल."

"आज?" रॉइस ओरडलाच. "आज त्याला हात लावशील तर बघ!"

"व्हॅनमध्ये नवा जॅक आहे," ओपल म्हणाली. "हलका आहे, व्हर्लिनच्या कमरेलाही बरा."

"तो नवा तू तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लाव, ताई. मला माझा ताराच हवा."

"ऐक पोरा, फेब्रुवारीपासून सांगतोय मी..."

"व्हर्लिन, तू बैल आहेस ना? मग उचल की!"

 व्हर्लिनने मला फडक्याने पुसले आणि भिंतीवर ठेवले.

रॉइस त्या दिवशी अप्रतिम चालवत होता. सुरुवातीला गर्दीत मागे पडला, मग एकेकाला गाठत पुढे सरकला. दुपार कलली तेव्हा तो दुसरा होता, आणि पुढची गाडी त्याच्या नाकासमोर होती. तेवढ्यात मागे कुणीतरी भिंतीला धडकले. पिवळे निशाण लागले. सगळ्यांचा वेग उतरला आणि पुढच्या गाड्या चाके बदलायला पिटमध्ये वळल्या. शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या. जो आधी बाहेर पडेल तो पुढे राहणार.

"आत ये, भावा," ओपल म्हणाली.

उजवी बाजू झाली. तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी सुटल्यासारखे वाटले. व्हर्लिन लंगडत डावीकडे आला, दांडा दाबला, गाडी वर गेली. पुढचे चाक बसले. मागच्या चाकाचे दोन नट अजून सैल होते आणि मी खाली येऊ लागलो. मित्रांनो, मी जीव तोडून धरले होते. पण तेल थांबेना.

गाडी टेकली. रॉइसच्या पायाला इशारा मिळाला आणि गाडी उसळली.

"थांब!" व्हर्लिनने दांडा सोडला. त्या गुडघ्यांवर तो कसा धावला कोण जाणे. गाडीपुढे जाऊन त्याने दोन्ही तळवे बॉनेटवर आपटले. रॉइसने ब्रेक दाबला, पण तोवर बंपर व्हर्लिनच्या डाव्या गुडघ्यावर बसला होता.

तरी तो परत आला. मला पुन्हा खाली सारले. मी उतरत होतो, तो दाबत होता. मी उतरत होतो, तो पुन्हा दाबत होता, एका पायावर उभा राहून. शेवटचा नट आवळला तोवर गाड्यांची रांग आमच्यापुढून निघून गेली होती.

रॉइस चौथा आला. गाडीतून उतरला तो तणतणतच.

"गाडी पडली की मी निघणारच ना! मध्ये काय मरायला आलास?"

"चाक सैल होतं," व्हर्लिन जमिनीवर बसूनच म्हणाला. "पहिल्या वळणावर निघालं असतं. तुझ्या ताईला काय सांगणार होतो मी?"

रॉइसने त्या मागच्या चाकाकडे पाहिले, मग माझ्याखालच्या तेलाच्या थारोळ्याकडे.

गॅरेजला कुलूप लागले. त्या हिवाळ्यात रॉइस मला घेऊन व्हर्लिनच्या घरी आला आणि त्याच्या ओसरीत मला स्वतःच्या हाताने उघडले. आत नशीब नव्हते. काळे पडलेले तेल होते आणि रबराची एक फाटकी चकती. तो ती बराच वेळ हातात धरून बसला.

मग त्याने मान वर न करता विचारले, "गुडघा कसा आहे?"

"कुठला? डावा तुझ्या बंपरने घालवला. उजवा तू जिंकलास त्याच्याही आधीपासून दुखतोय."

"बोलला नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस कधी."

आता मी व्हर्लिनच्या शेडमध्ये असतो. कधीमधी त्याचा जुना ट्रक उचलतो, पण हल्ली लवकर दमतो. रॉइस येतो, माझे तेल पाहतो, व्हर्लिनला डॉक्टरकडे नेतो आणि मग दोघे थंड गोड चहा पीत बसतात, कधी टरफलासकट शेंगा खात. माझ्या डोक्यावरचा तारा आता पुसट झाला आहे. तो पुन्हा रंगवू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही असे कुणीतरी असेल, जे सगळ्यांचे ओझे उचलते आणि ज्याचे सगळे कौतुक करतात. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कुठे दुखते आहे का.