शेजारचा ब्रेक

"क्लच सोड आता. हळू. अगं, हळू म्हणजे हळू," मास्तर म्हणाले आणि आपल्या पायाशी असलेला ब्रेक त्यांनी स्वतःच दाबून टाकला. गाडी आचका देऊन बंद पडली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला.

बायकोने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. सकाळपासूनची ही सातवी खेप होती. परीक्षा साडेदहाला होती आणि आठ तर इथेच वाजून गेले होते.

"आता गाडी मी बंद पाडली की तुम्ही?" तिने विचारलं.

"समोर वळण होतं."

"वळण कालही तिथेच होतं."

  मास्तरांचा गुडघा हलतच होता.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं. शिकवण्याच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. हा दुसरा दाबला की लाल दिवा लागायचा, म्हणजे शिकणाऱ्याला कळावं की आत्ता तुला वाचवलं. या पायाने किती जणांचे हातपाय शाबूत ठेवले असतील याचा हिशेब नाही. पण सवय अशी हाडात मुरली, की मुलगी लहान असताना तिच्या हातून दुधाचा पेला कलंडायला लागला, तरी मास्तरांचा पाय टेबलाखाली करकचून दाबला जायचा. पेला तरीही कलंडायचाच.

चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की समोरचं स्वच्छ दिसतंय, पण दोन्ही कडांची नजर गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. गाडी चालवायच्या लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही, शिकवण्याचा परवाना तेवढा वर्षअखेरपर्यंत उरला. शाळेच्या मालकाने निरोपाला शाल वगैरे न देता ही जुनी गाडीच देऊन टाकली, दोन ब्रेकांसकट. माणूस भला होता, पण चालवता न येणारी गाडी माणसाने दारात ठेवून करायचं काय? मास्तर रोज सकाळी ती पुसत, आत बसत, दार लावत, पुन्हा उघडत. मग घरात येत. घरात पाय टिकत नसे. खिडकीशी जा, दाराशी ये, पुन्हा खिडकी. बायको म्हणायची, एका जागी बसाल तर मला फरशी तरी पुसता येईल.

मग एका रविवारी जावई आले. मुलगा सभ्य. त्यांनी फार अदबीने विषय काढला, की बाबा, गाडी उभ्या उभ्या गंजून जाईल, आम्ही नेली तर चालेल का. त्यात चूक काहीच नव्हती, तरी मास्तर उठून खिडकीशी गेले. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, की मी परीक्षेला बसणार आहे, नापास झाले तर खुशाल घेऊन जा. कसली परीक्षा, हे मास्तरांनाही तेव्हाच कळलं.

धंद्यातला रिवाज असा, की शिकवणाऱ्याने स्वतःच्या बायकोला शिकवायचं नाही. कोणाची बायको आलीच, तर ती दुसऱ्याच्या गाडीत जायची. मास्तरांनी तो मोडला, कारण दुसरं कामच उरलं नव्हतं. तीन महिने रोज सकाळी दोघं शेजारी बसत होती, आणि रोज सकाळी भांडत होती. वय चोपन्न, पण शिष्या पक्की होती. मास्तरांनी पंधरा वेळा ब्रेक दाबला तरी सोळाव्यांदा किल्ली फिरवायची. आज मात्र ती नापास झाली तर रविवारी जावई किल्ली घेऊन जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

परीक्षेच्या मैदानावर निरीक्षक बाई मागच्या सीटवर कागद घेऊन बसल्या. नियम त्यांनी पुन्हा वाचून दाखवला. शिकवणाऱ्याने पुढे बसायचं, हात मांडीवर, पाय मागे. लाल दिवा लागला की उमेदवार नापास. मास्तरांनी मान डोलावली. हा नियम त्यांनी हजारदा ऐकला होता.

आणि ती चालवायला लागली. चढावर गाडी तसूभर मागे सरली नाही. मागे घेताना खांबांना धक्का नाही. मास्तरांनी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवली होती. आता फक्त शेवटचा रस्ता उरला. डाव्या हाताला मालाच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्या ओळीच्या पलीकडचं मास्तरांना काही म्हणता काही दिसत नव्हतं.  तिथून काहीतरी येतंय, नक्की येतंय.

लाल दिवा लागला.

गाडी थांबली. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. निरीक्षक बाईंनी दोन्ही खिडक्यांतून नीट पाहिलं आणि विचारलं, काय होतं?

"काही नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी कागदावर खूण केली. मास्तरांना मान वर करवेना. तीन महिन्यांची तिची मेहनत त्यांनी एका पायाने मातीत घातली होती. ती आता अबोला धरणार, आणि तिचा अबोला आठवडाभर सुटत नसे. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, रडते आहे. त्यांनी हळूच पाहिलं, तर ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "अख्ख्या गावाला पास केलंत, आणि बायकोला तेवढं नापास केलंत."

मास्तरांना आधी राग आला आणि मग तोही टिकला नाही. ते हसले. गाडी रस्त्याच्या मधोमध, मागे निरीक्षक, आणि पुढे ही दोघं शाळकरी पोरांसारखी हसतायत. दोघं मिळून याआधी कधी हसलो होतो, ते त्यांना आठवेना. नापास झाल्यावर इतकं बरं वाटतं, हे अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

हसू ओसरलं तेव्हा मास्तर पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला कडेचं दिसत नाही गं. भीती वाटते." नजर गेल्याचं तिला ठाऊक होतं. भीतीचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मला दिसतं की," ती म्हणाली.

निरीक्षक बाई मागे जरा खाकरल्या. मग म्हणाल्या, की दुपारी दोनला एक उमेदवार येणार नाहीये, ती वेळ देता येईल. मी पुढे बसेन, मात्र हे गृहस्थ गाडीत नकोत. सगळ्यांच्या आधी मास्तरच म्हणाले, बरोबर आहे.

दोन वाजता ते भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि लगेच उठले. बाकापासून फाटकापर्यंत बावीस पावलं होती. ती त्यांनी इतक्यांदा मोजली की पहारेकऱ्याने पाणी हवंय का म्हणून विचारलं. गाडी भिंतीपलीकडे गेली होती, आता नुसता आवाज. पहिला गिअर. दुसरा, जरा घाईत. मग लांबवर तिसरा पडला, अलगद, कुठे खरखर नाही. इतका स्वच्छ तिसरा आपल्या हातूनही रोज पडत नव्हता, हे मास्तरांनी मनातल्या मनात कबूल केलं.

ती परत आली तेव्हा बाईंनी उतरून मास्तरांच्याच हातात कागद दिला. पास. ते बायकोला काही बोलणार, तोच ती म्हणाली, जावयांना कळवून टाका, रविवारी जेवायला या आणि मोकळ्या हाताने परत जा.

मास्तर वळसा घालून पुढच्या दाराशी आले.

"मागे बसा," ती म्हणाली.

ते क्षणभर दाराशी उभे राहिले. मग निमूट मागचं दार उघडून आत बसले. मागे पायाखाली नुसती चटई होती. पाय कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. इथून तिची मान दिसत होती, मानेवर सुटलेल्या चार पांढऱ्या बटा दिसत होत्या, आणि प्रत्येक वळणाआधी ती मान डावीकडे वळे, उजवीकडे वळे, मग सरळ होई. एकदाही चुकली नाही. तीन महिने शेजारी बसून त्यांनी फक्त तिचे पाय पाहिले होते. थोड्या वेळाने त्यांचा गुडघा हलायचा थांबला. मग डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी चालूच होती. उन्हं कलली होती. त्यांच्या घराची गल्ली खिडकीतून आली आणि मागे गेली. मास्तर हाक मारणार होते, पण थांबले. गाडीने पाण्याच्या टाकीला वळसा घातला, बंद दुकानांची रांग ओलांडली, आणि घराची गल्ली पुन्हा आली. बायको पुन्हा न वळता सरळ पुढे गेली. झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या काळजीने तिने गिअर बदलला, आवाजच झाला नाही.

पुढचं वळण जवळ आलं. ती आता आरशातून मागे बघणार. मास्तरांनी पटकन डोळे मिटून घेतले.