विषय क्रमांक चार : निरंक

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि विद्यार्थी कल्याण समितीचा इतिहास लिहायला सांगितला. चार पानं, बुधवारपर्यंत. समितीला चाळीस वर्षं झाली, शुक्रवारी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून मंडळी येणार, त्यांच्या हातात काहीतरी चांगलं वाचायला द्यायचं होतं. मी हो म्हणून बाहेर आले आणि मनात म्हटलं, इतिहास कसला डोंबलाचा. एकोणीस वर्षं ती समिती म्हणजे मी, एक नोंदवही आणि शिपाईकाका.

कसं ते सांगते, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. समितीच्या वर्षाला चार बैठका व्हायला हव्यात. अध्यक्ष, दोन प्राध्यापक, एक विद्यार्थी प्रतिनिधी, आणि लिहून घ्यायला ऑफिसातली मी. पहिली काही वर्षं मी खरंच नोटिसा काढायचे. एक यायचा तर दुसऱ्याचा तास असायचा, दुसरा यायचा तर तिसरा रजेवर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी वैतागून मी वर्षाच्या सुरुवातीलाच चारही बैठकांचं इतिवृत्त एका दुपारी लिहून टाकायला लागले. मागच्या वर्षाचं समोर ठेवायचं, तारखा बदलायच्या, प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं. मग शिपाईकाका चहाच्या सुट्टीत वही घेऊन फिरायचे आणि सह्या आणायचे. विद्यार्थी प्रतिनिधीची सही तर तेच ठोकायचे; जिच्या नावानं ठोकायचे ती मुलगी सहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेली. विषय क्रमांक चार असायचा 'आलेले अर्ज'. त्याच्यापुढे मी लिहायचे, 'निरंक'. म्हणजे एकही नाही.

अर्ज येत नव्हते असं नाही. पोरं खिडकीशी यायची. मी म्हणायचे, बैठक होऊन गेली, पुढच्या बैठकीला बघू. बहुतेक परत यायची नाहीत. मागून पोरं मला बघूबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही मी 'बघू' म्हणतच राहिले.

त्याच सोमवारी अकराच्या सुमारास फलकावर यादी लागली. उपस्थिती कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याचे विद्यार्थी. त्रेसष्ट नावं. तेविसावं नाव माझ्या भाचीचं.

माझी धाकटी बहीण आणि तिची ही मुलगी दोन वर्षं माझ्याकडेच राहतात. धाकटीचं पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी या महिन्यात हात टेकले. फार तर दोन महिने, म्हणाले. मधले सात आठवडे ती हॉस्पिटलात होती आणि पोरगी तिच्या उशाशी. मला नोकरी सोडून बसता येत नव्हतं, म्हणून ती बसली. पोरीचं हे शेवटचं वर्ष. धाकटीला आता जेवण नको, औषध नको, कोणी भेटायला यायला नको. तिला फक्त लेक शेवटचा पेपर देऊन घरी आलेली बघायची आहे. पलंगासमोरच्या भिंतीवर तिनं परीक्षेचं वेळापत्रक चिकटवून घेतलंय आणि पडल्या पडल्या तेच वाचत असते. हे वर्ष हुकलं तर पोरगी पुढच्या वर्षी पेपर देईलही, पण ते बघायला तिची आई नसेल.

समितीनं शिफारस केली तर आजारपणासारख्या कारणासाठी उपस्थितीत सूट मिळते. पोरीला हे माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिनं घरीच माझ्यापुढे अर्ज धरला होता, हॉस्पिटलच्या कागदांसकट. आणि मी काय केलं? तिला झापलं. घरची कामं घरात, म्हटलं, उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनी भाचीचं घोडं पुढे दामटलं. खिडकीवर ये, रांगेत उभी राहा. ती बिचारी दुसऱ्या दिवशी येऊन रांगेत उभी राहिली. निदान तिचा अर्ज तरी मी घेतला, पोच दिली आणि 'पुढील बैठक' लिहिलेल्या फाइलीत ठेवला. पुढील बैठक होती या महिन्याच्या चार तारखेची. तिचं इतिवृत्त मी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं होतं, सह्यांसकट. विषय चार, निरंक. आणि गेल्या शनिवारी, तपासणीच्या कामात आपण मागे राहायला नको म्हणून, त्या वहीच्या प्रती मी स्वतःच्या हातानं तपासणीवाल्यांना पाठवूनही दिल्या होत्या. धोंडा मी पाडला आणि पाय पोरीचा होता.

परीक्षा विभागातल्या कारकुनाकडे धावले. भला माणूस आहे. म्हणाला, समितीच्या शिफारशीचा कागद प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा लागतो, कारण लिहून, अध्यक्षांच्या सहीनं, आणि बुधवारी पाचच्या आत. पाचला विद्यापीठाची यंत्रणा आपोआप बंद होते. मग मी तिच्यापुढे डोकं आपटलं तरी उघडत नाही, म्हणाला.

अध्यक्ष म्हणजे वनस्पतिशास्त्राचे सर. पोरं त्यांना झाडसर म्हणतात. ते वाळलेली पानं कागदावर चिकटवत बसले होते. आधी म्हणाले, लिहून टाका की, त्यात काय, मी सही करतो. मग मी शनिवारच्या प्रतींचं सांगितलं. त्यांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

"चार तारखेला एकही अर्ज नव्हता असं आपण सगळ्यांनी सही करून सांगितलंय," ते म्हणाले. "आता तीन आठवड्यांपूर्वीचा अर्ज कुठून उगवला, असं त्यांनी विचारलं तर? एका मुलीपायी अख्खं कॉलेज गोत्यात येईल, बाई."

ती एक मुलगी माझ्या बहिणीची आहे, तिची आई जायला टेकली आहे, हे मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. पुढच्या बैठकीला बघू, म्हणाले. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि लगेच कळलं की वाक्य माझंच होतं.

मंगळवारी इतिहासाच्या निमित्तानं मी जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला कुठेतरी दार लावून रडायचं होतं. वरच्या फळीवर समितीची पहिली वही सापडली. चाळीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं की ती दोन दिवस उपाशी होती आणि शेजारी बसणाऱ्यांनाही पत्ता नव्हता. त्यातून ही समिती निघाली. पहिली बैठक साडेतीन तास चालली होती. एका मुलाला फळ्यावरचं दिसत नाही हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, त्याला चष्मा करून दिला होता. दोन भाऊ एकच पुस्तक फाडून अर्धं अर्धं वाचत होते, त्यांना दुसरं आणून दिलं होतं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं गाऱ्हाणं, त्या बाईंच्या टपोऱ्या अक्षरात.

आणि पहिल्याच पानावर नियम. 'अर्ज नाही म्हणजे गरज नाही असे समजू नये. अर्ज न आल्यास सभासदांनी वर्गावर्गांत जाऊन विचारावे.' त्याखाली, 'तातडीच्या प्रसंगी अध्यक्षांनी त्याच दिवशी बैठक बोलवावी. नोटीस प्रत्येक वर्गात मोठ्याने वाचावी.' आणि त्याखाली, 'अर्जदाराला समोर बसवून ऐकल्याशिवाय निर्णय करू नये.' हे नियम कोणी रद्द केलेले नव्हते. आम्ही फक्त वाचायचे सोडले होते.

मी त्या धुळीतच बसून इतिहास लिहिला. चार पानं. पहिली दोन त्या बाईंची, उरलेली दोन माझी. निरंक कसं लिहिलं जायचं, सह्या कशा गोळा व्हायच्या, शिपाईकाका कोणाची सही करायचे, सगळं. लिहिताना शरम वाटत होती आणि संतापही येत होता, पण हात थांबला नाही.

बुधवारी सकाळी ती पानं प्राचार्यांपुढे ठेवली. त्यांना येऊन सातच महिने झालेत. त्यांनी दोनदा वाचली आणि चष्मा काढला. ह्यातलं खरं किती, असं विचारलं. सगळं, म्हटलं. मग मी सांगितलं की पहिल्या वहीतल्या नियमानं आजच्या आज बैठक बोलवा, नाहीतर शुक्रवारी पाहुण्यांपुढे मी हेच वाचणार. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली बाई मी, आजवर कोणा वरिष्ठाला उलट बोलले नव्हते.

"बैठक घेऊ," ते चष्मा परत लावत म्हणाले. "पण मग सगळं ह्या वहीप्रमाणे. आपल्याला हवा तेवढा नियम पाळायचा आणि बाकी वही मिटायची, असं नको."

मी हो म्हटलं. त्या घटकेला मी कशालाही हो म्हटलं असतं.

दोन वाजताची नोटीस शिपाईकाकांनी आणि मी मिळून प्रत्येक वर्गात मोठ्यानं वाचली. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच अर्ज होता. दोनला बैठकीच्या खोलीचं दार उघडलं तर व्हरांडा भरलेला. बेचाळीस पोरं, यादीतली, भिंतीला धरून ओळीनं उभी.

झाडसरांची टाळाटाळ प्राचार्य शेजारी येऊन बसल्यावर संपली होती. दोन प्राध्यापक आले, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पहिल्या वर्षाची एक मुलगी बसवली. एकेक पोर समोर बसायला लागलं. एकाची आई बाळंत होऊन आजारी पडलेली, तान्हं तोच सांभाळत होता. एकीची बस बंद झालेली, ती रोज दोन तास चालत यायची आणि पहिला तास हुकायचा. एक नुसताच रडला. झाडसर विचारत होते, कागद बघत होते, कारण स्वतःच्या हातानं लिहीत होते. एकेकाला सात-आठ मिनिटं लागत होती. मी मनात भागाकार केला. पाचपर्यंत निम्मीच पोरं होणार होती.

तीनला बाहेर आले. पोरगी रांगेच्या शेवटाला, त्रेचाळिसावी उभी होती. सकाळपासून धाकटीला उलट्या होत होत्या, नर्स येईपर्यंत तिला निघता आलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं की हिचा अर्ज तीन आठवड्यांपूर्वी आलाय, म्हणून हिला आधी घेते.

कुबड्या घेतलेला एक मुलगा मध्येच उभा होता. "बाई, मी महिन्यापूर्वी आलो होतो," तो म्हणाला. "दोनदा. तुम्ही म्हणालात, पुढच्या बैठकीला बघू."

मीपण, मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक. कोणी आवाज चढवला नाही. कोणी बाजूलाही झालं नाही, आणि का व्हावं, प्रत्येकाचं वर्षच होतं ते. मी पोरीकडे पाहिलं.

"मावशी, तू आत जा," ती म्हणाली. "मी रांगेत आहे."

सव्वाचारला मी सुचवलं की उरलेल्या सगळ्यांची एकदम शिफारस करून टाकू. झाडसरांनी मान हलवली. ऐकल्याशिवाय निर्णय नाही, म्हणाले, वही तुम्हीच आणलीत. टोमणा नव्हता तो. त्यांचे डोळे लाल झाले होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच अध्यक्ष झाले होते, आणि तेही नेमके आज.

पाचला दहा कमी असताना एकवीस झाले होते. पोरीचा अर्ज माझ्यासमोर होता, शिक्का हाताशी होता. इतकी वर्षं मी न झालेल्या बैठका लिहिल्या. एक न ऐकलेली मुलगी लिहायला कितीसा वेळ लागतो? झाडसरांनी शेवटी गठ्ठ्यावर सह्या केल्या असत्या आणि माझी पोरगी पार झाली असती. मी शिक्का उचलला. तेवढ्यात कुबड्यांचा मुलगा आत आला. खुर्चीत बसला, कुबड्या कुठे ठेवाव्यात हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं त्या माझ्याकडे दिल्या. त्या धरायला मला शिक्का खाली ठेवावा लागला. तो बोलायला लागला आणि मी ऐकत राहिले, आणि ऐकल्यावर मग पुन्हा शिक्का उचलवला नाही.

तो बाविसावा. शिपाईकाका कागद घेऊन पळाले आणि पाचला दोन मिनिटं असताना पोचले. बाहेर एकवीस पोरं उरली. प्राचार्य म्हणाले, विद्यापीठाला पत्र लिहितो, बघू, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. मी वहीत लिहिलं. विषय क्रमांक चार. आलेले अर्ज त्रेचाळीस. निर्णय झालेले बावीस. वेळेअभावी राहिलेले एकवीस. खाली सगळ्यांनी खरोखरीच्या सह्या केल्या.

घरी जाताना मी पोरीचा हात धरला तर तिनं धरू दिला, एवढंच. माझ्या डोक्यात एकच होतं, शनिवारी त्या प्रती पाठवण्याआधी एकदा, फक्त एकदा ती फाइल उघडली असती तर.

धाकटी उशांना टेकून बसली होती. दिवसभर वाट बघून तोंड सुकलं होतं तिचं. आम्ही चपला काढतोय तोच तिनं विचारलं, झाली का बैठक. झाली, मी म्हटलं. मग हिचं काय ठरलं?

"झालं, आई," पोरगी म्हणाली. "मंजूर."

धाकटीनं लेकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती खरंखोटं माझ्याच तोंडावर वाचत आली आहे. "खरं ना गं, ताई?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. खिडकीवरची पोरं बघतात ना, तशी.

"हो," मी म्हटलं. "सर्वानुमते."

धाकटीनं डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी घोटभर पाणी स्वतःहून मागितलं. मग लेकीला म्हणाली, मला आता एवढं बारीक दिसत नाही, पहिल्या पेपरची वेळ वाच बघू. पोरगी भिंतीपाशी गेली आणि वाचून दाखवायला लागली. सोमवार, सकाळी साडेनऊ.