यादीत नसलेला एकोणीस नंबर

तेवीस वर्षं मी साल्टबाखच्या आइस हॉकी टीमची यादी भरते आहे, आणि तेवीस वर्षांत माझी एकही चूक झाली नव्हती. हे मी येता-जाता सगळ्यांना ऐकवत असे. माझी दृष्ट मलाच लागली म्हणायची.

मॅनेजर म्हणतात मला. नाव भारदस्त आहे, काम तसं नाही. स्केट्सना धार लावायची, काठ्या मोजून बसमध्ये चढवायच्या, श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, घातलेले पाव वाटायचे, आणि मॅचच्या एक तास आधी खेळाडूंची यादी रेफरीच्या हातात द्यायची. आमची लीग तीन देशांची. सप्टेंबर ते मार्च, दर आठवड्याला निदान एकदा घाट चढायचा, सीमा ओलांडायची, खेळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं आपापल्या कामावर हजर. गोलकीपर चीजच्या डेअरीत आहे, कासियान खिडक्या बनवतो, दोघं शाळेत शिकवतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमचं बसच्या पोटात.

यंदाचा हंगाम मेला सुरुवातीपासूनच वाईट. ऑक्टोबरमध्ये सलग पाच मॅच हरलो. जानेवारीत कमिटीने ठरवलं, वरच्या आठांत आलो नाही तर पुढच्या वर्षी या लीगमधून बाहेर पडायचं आणि देशातल्या देशात, खालच्या गटात खेळायचं. ते ऐकून पोरांना काय झालं देव जाणे, फेब्रुवारीत जिंकतच सुटली. शेवटी सगळं एका मॅचवर आलं. रविवारी दुपारी चार वाजता, स्लोव्हेनियात, रोवनिकला. जिंकलो तर आठवे, आणि मंगळवारपासून वरच्या आठांची बाद फेरी. नाहीतर संपलं.

त्यात आणखी कासियानचा शंभरावा गोल. कासियान ओबरहोफर आमचा सगळ्यात जुना खेळाडू, वय अडतीस, वीस हंगाम एकाच टीममध्ये. मागे राहून बचाव करणारा माणूस, तरी त्याचे नव्याण्णव गोल झाले होते. शंभरावा काही केल्या होईना. बेकरीवाली हिल्डा जानेवारीपासून दर मॅचला केकवर शंभर काढून ठेवायची आणि सोमवारी तो आम्हीच खायचो. बरं, कासियान डोक्याने गरम. मागे कुणाला तरी कोपर मारल्याबद्दल त्याला रोवनिकच्या आदल्या एका मॅचची बंदी झाली होती. त्या एका मॅचपुरतं मी यादीत त्याच्या जागी ज्युनियर टीममधल्या टोबियासचं नाव घातलं होतं.

आता माझी चूक सांगते. यादी कोणीच कोरी भरत नाही. आधीच्या मॅचची यादी कॉम्प्युटरवर पुढे ओढायची आणि जे बदललं असेल तेवढंच बदलायचं. तिन्ही देशांतले सगळे मॅनेजर हेच करतात. त्या दिवशी मी बसमध्ये, घाटाच्या वळणांवर, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसले होते. दुसरा गोलकीपर बदलला होता, ते नाव नीट केलं. तेवढ्यात मागून डेनिस ओरडला, "बुर्गल, पाव देतेस की उपाशी मारतेस?" मी उठले, पाव वाटले. परत बसले तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की बदल करायचा होता तो केला.

रोवनिकला पोचल्यावर आमच्या कोचने, रादिमने, न वाचता सही केली. तो चेक आहे, कागदावर त्याचा विश्वास नाही. मग विन्कोने केली. विन्को त्यांचा मॅनेजर, माझ्याच वयाचा, जावयाला करावा त्याहून जास्त आग्रह करून सॉसेज खायला घालणारा. या लीगमध्ये दोन्ही मॅनेजर एकमेकांच्या यादीवर सही करतात. यादीची एक प्रत चेंजिंग रूमबाहेर भिंतीला चिकटवतात. माइकवर फक्त घरच्या टीमची नावं वाचतात, पाहुण्यांची कोण वाचतो?

मॅच सुरू होऊन सात मिनिटं झाली असतील. त्यांच्या एका खेळाडूचं नाव बघायला मी खिशातून कागद काढला. आमच्या बाजूवर सहज नजर गेली. सतरा, अठरा, वीस. कासियानचा एकोणीस नव्हता. खाली सत्तावीस नंबर, टोबियास. टोबियास घरी साल्टबाखला परीक्षेचा अभ्यास करत होता, आणि एकोणीस नंबर माझ्यासमोर बर्फावर कुणाला तरी ढकलत होता.

माझी पाचावर धारण बसली. कागद उलटा धरून पाहिला, दुमडून परत उघडला. त्याने नाव थोडंच उगवणार होतं!

आमचा नियम साधा आहे. यादीत नसलेला माणूस खेळतोय हे आपण स्वतः सांगितलं तर तो बाहेर जातो आणि मॅच तशीच पुढे चालते. टेबलावर बसून गोल आणि शिक्षा लिहिणाऱ्यांनी, म्हणजे टेबलवाल्यांनी, पकडलं तर त्याचा गोल रद्द, तो बाहेर. आणि मॅचनंतर, शेवटच्या कागदावर सह्या व्हायच्या आत समोरच्यांनी पकडलं, तर मॅचच गेली, पाच-शून्य. सह्या झाल्यावर मात्र कुणाला काही बोलता येत नाही.

टेबलवाले यादी कधी बघतात? गोल झाला की. गोलला पास दिला की. कुणाला शिक्षा झाली की. नंबर ऐकतात, यादीत नाव शोधतात, लिहितात. म्हणजे कासियानने गोल मारायचा नव्हता, पास द्यायचा नव्हता, कुणाला कोपर मारायचं नव्हतं. सगळं साल्टबाख त्याच्या शंभराव्या गोलसाठी देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि मी बाकाच्या टोकाला उभी राहून उलटा धावा करत होते. तो पुढे सरकला की आमचे लोक उठून उभे राहायचे आणि मी मनात म्हणायचे, मागे ये. एकदा त्याने लांबून मारलेली रबरी चकती गोलच्या दांड्याला लागून परत आली. सगळे हळहळले. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. लाज वाटली, पण मानले.

पहिल्या मध्यंतरात आम्ही एक-दोनने मागे होतो. मी रादिमला बाजूला घेतलं आणि कागद दाखवला. त्याने वाचला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"आणखी कुणाला माहितीये?"

"कुणालाच नाही. मी जाऊन सांगू का रेफरीला?"

"सांग की. मागे खेळणारे माझ्याकडे चार आहेत. एक गेला की तीन. त्या तिघांच्या जिवावर तू जिंकून दाखव."

"पकडलं तर?"

"पकडलं तर बघू. झाकली मूठ, बुर्गल. तो मागेच राहील, त्यांच्या दहा नंबरला चिकटून. पुढे यायचं नाही, मारायचं नाही, असं सांगतो मी त्याला."

"त्याला खरं तरी सांगूया."

"त्याला सांगितलंस की तो स्वतःहून बाहेर जाऊन बसेल. ओळखत नाहीस का त्याला?"

ओळखत होते. म्हणूनच गप्प बसले. खरं सांगायचं तर रादिमने गप्प बसवलं याचा मला आधारच वाटला. चूक माझी होती, आता निर्णय त्याचा झाला.

दुसऱ्या भागात कासियान सांगितल्याप्रमाणे मागे राहिला, पण तोंडाचा पट्टा चालू. बाकावर येऊन बसला की, "मला काय राखणदार ठेवलंय? समोर रान मोकळं आहे, हा म्हणतो जाऊ नको." रादिम म्हणायचा, "म्हातारा झालास, दम राखून ठेव." पोरं हसायची. आम्ही बरोबरी केली, दोन-दोन. त्या गोलच्या वेळी मी चकती कुणाकुणाच्या काठीला लागली तेच पाहत होते. कासियान लांब होता. टेबलवाल्याने दोन नंबर लिहिले, मान खाली घालून, आणि परत चहा घेतला. मग त्यांच्या दहा नंबरने कासियानला मुद्दाम पाठीत काठी घातली. कासियान वळला, हात वर गेला. हात खाली आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल.

दुसऱ्या मध्यंतरात मात्र मला राहवेना. असल्या भीतीत वीस मिनिटं काढण्यापेक्षा त्याला सांगावं आणि मोकळं व्हावं, असं ठरवून मी चेंजिंग रूममध्ये गेले. कासियान बाहेरून, संडासला जाऊन, येत होता. माझ्यासमोर येऊन थांबला. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. समोरून रादिम माझ्यावर डोळे रोखून होता.

"काय गं?" कासियान म्हणाला.

मी हातातली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली, प्याला नाही, बाकावर ठेवली आणि हेल्मेट चढवलं.

तिसरा भाग कसा गेला ते मला आज नीट सांगता येत नाही. टेबलाजवळ विन्को उभा होता, हातात कागद. तो वाचतोय असं मला सारखं वाटत होतं. दर वेळी तो मला हात करतो, त्या दिवशी एकदाही केला नाही. ओळखलं असेल का? सह्यांच्या वेळी काढणार असेल का? मी काठ्या पुसल्या, पुसलेल्या परत पुसल्या. कासियान इतका शांत खेळत होता, की मला त्याचीही भीती वाटायला लागली. ना शिव्या, ना कुरकुर.

चार मिनिटं राहिली असताना आमच्या आंद्रेने उजवीकडून चकती काढली. त्यांचा गोलकीपर त्याच्यावर झेपावला आणि आडवा पडला. गोल सताड उघडा. आंद्रेने चकती समोर लोटली, आणि समोर कोण? कासियान. तो तिथे कसा आला होता कोण जाणे. दोन हातांवर गोल, मध्ये कुणी नाही, काठी नुसती टेकवली असती तरी शंभरावा. सगळे ओरडत उठले.

कासियानने काठी बर्फावरून वर उचलली. चकती त्याच्या दोन पायांमधून मागे गेली. मागून डेनिस आला आणि त्याने ती आत मारली.

तीन-दोन. डेनिसवर सगळे तुटून पडले. रादिमने कपाळावर हात मारला, "चकती सुटली म्हाताऱ्याची! बरं झालं सुटली." टेबलवाल्याने डेनिसचा नंबर लिहिला, आंद्रेचा लिहिला. काठी चकतीला लागलीच नव्हती, त्यामुळे एकोणीस विचारायचं कुणाला कारणच नव्हतं. काठी उचललेली बाकावरून मी एकटीने पाहिली. कारण मी गोलकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते.

आम्ही जिंकलो. आठवे आलो.

शेवटच्या कागदावर सह्या करायला मी गेले. विन्कोने कागद ओढून घेतला आणि खाली नेहमीची वाकडीतिकडी सही ठोकली. वर पाहिलंही नाही.

"वाचत नाहीस का रे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?" तो म्हणाला. "तोंड का असं झालंय तुझं? जिंकलात ना? चल, सॉसेज गरम आहेत. तुमच्या त्या एकोणीस नंबरलाही आण. एवढी सोपी चकती सोडली म्हाताऱ्याने. वय कुणाला चुकलंय?"

मी हसले. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून कागद वाचला नाही, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून कासियानच्या वयावर हसले.

चेंजिंग रूममध्ये गाणी चालू होती. कासियान कोपऱ्यात, अजून स्केट्स पायात. मी त्याच्या शेजारी बसले.

"तुला कधी कळलं?"

"संडासला गेलो तेव्हा. भिंतीवर कागद होता. त्यांच्या दहा नंबरचं नाव बघत होतो, शिव्या घालायला नाव हवं होतं." तो जरा हसला. "माझं दिसलं नाही."

"मग आत आल्यावर बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. समोरच उभी होतीस. मला वाटलं, आता सांगेल. तू पाणी दिलंस."

"रादिम म्हणाला, सांगितलं तर तू बाहेर जाऊन बसशील."

"बसलोच असतो."

"मग हरलो असतो, कासियान."

"हरलो असतो कदाचित." त्याने एका पायाची नाडी सोडली. "मी रेफरीकडे गेलो असतो, तर तो विचारणार, यादी कुणी भरली. वीस वर्षं तू माझ्या स्केट्सना धार लावलीस. तुझं नाव मला घेता येईना. म्हणून खेळलो."

मी त्याची माफी मागितली. मोठ्याने, पोरांना ऐकू जाईल अशी. गाण्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "एक कर. मंगळवारच्या मॅचची यादी भरशील ना, त्यात माझं नाव घालू नकोस."

"रागावलायस?"

"नाही गं. शेवटची वीस मिनिटं मी चोरासारखा खेळलो. कुणी नंबर बघेल का, कुणी नाव विचारेल का. वीस वर्षांत असं कधी खेळलो नव्हतो. आता परत बर्फावर उतरलो की तेच आठवणार. नको."

"आणि शंभरावा?"

"हिल्डाला सांग, केक करू नको."

त्याने दुसरी नाडी सोडली, स्केट्स काढले, नेहमीसारखे पुसले आणि माझ्या हातात दिले. तिकडून डेनिस त्याला नाचायला बोलावत होता.

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.