उलटी कडी

छर्‍यांची कडी हातात होती, एका गिर्‍हाइकाच्या सायकलीची, आणि तिचं तोंड कोणत्या बाजूला आहे, हे बोटांना कळेना. पुन्हा चाचपली. छर्रे गार लागले, पण बाकी काही पत्ता लागेना. शेवटी मुकाट्यानं उजेडात नेऊन, चष्मा लावून पाहिली, तर मी समजत होतो त्याच्या बरोबर उलटी.

अडतीस वर्षं सायकलींची हँडलं बसवली मी. आधी दुकानात, आता घरी, मागच्या पडवीत. हँडलच्या नळीत वर एक कडी, खाली एक, दोघींची तोंडं एकमेकींच्या विरुद्ध. एवढंच काम. पण एक जरी उलटी पडली तर कडीचा पत्रा घासतो, तुटतो, छर्रे अडकतात आणि हँडल वळायचं थांबतं. हे मी डोळे मिटून करतो, अशी फुशारकी जन्मभर मारली. नुसती मारली नाही, करूनही दाखवलं. लोक बघायला उभे राहायचे आणि मी जास्तच चेकाळायचो.

आज सकाळी लेकीच्या सायकलीला नवा सेट घातला, तोही तसाच. डोळे मिटून, तिच्याशी गप्पा मारत.

लेक दवाखान्यात नर्स आहे. दुपारच्या पाळीला ती नुकतीच निघाली होती. वाटेत पाण्याच्या टाकीचा उतार लागतो, उताराच्या तळाशी वळण आणि वळणापलीकडे ट्रकचा रस्ता. तिथं हँडल अडकलं तर काय होईल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फोन लावला. उचलला नाही. सायकलवर फोन घ्यायचा नाही, ही शिस्त मीच लावलेली. स्वतःला चार शिव्या हासडल्या.

बायकोनं विचारलं, कुठे निघालात. म्हटलं, ग्रीस संपलंय. डबा समोर भरलेला होता, तो तिला दिसला असणार.

या वयात पळणं म्हणजे नुसत्या धापा. मला देवाचं फारसं वेड नाही, पण त्या रस्त्यानं जेवढे आठवले तेवढे सगळे देव बोलावले. टाकीपाशी चार माणसं घोळक्यानं उभी दिसली. पुढे जाववेना, थांबवेना. जवळ गेलो तर ती एक बंद पडलेली गाडी ढकलत होती. मी त्यांच्यावरच खेकसलो, रस्त्यात काय उभे राहता म्हणून.

लेक उताराच्या मध्यावर होती. सायकल हातात धरून चालत होती. मी हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. ती मात्र वळली.

हँडल जड लागलं म्हणून उतरले, म्हणाली. मी विचारलं, कधी कळलं?

"उताराआधी मी रोज थांबते बाबा. हँडल फिरवून बघते, ब्रेक दाबून बघते. मागे तुम्ही चाकाचा नट सैल ठेवला होता ना, तेव्हापासून."

तिचं चाक मी काढलं होतं त्याला सहा महिने झाले असतील. नट सैल राहिला होता, हेच मला आत्ता कळत होतं. मग दुसरीकडे का नाही नेलीस, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं असतं?" ती म्हणाली.

मला रडू आलं, ते मी खोकल्यावर ढकललं. "बोटांना काही कळत नाही गं आता," म्हटलं. हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "फार घाबरलो होतो."

"मी पण रोज घाबरते," ती म्हणाली. मग घड्याळ पाहून दवाखान्याकडे चालत गेली.

मी सायकल ढकलत चढ चढलो. वर पेपरवाला भेटला. पहाटे अंधारात गठ्ठे लादून हाच उतार उतरतो. मिस्त्रींनाच सायकल ढकलायची वेळ आली, म्हणून हसला.

"कडी उलटी बसलीय. मीच बसवली," मी सांगितलं.

त्याला चेष्टाच वाटली. स्वतःचं हँडल हलवून दाखवत म्हणाला, खडखडतंय, उद्या आणून टाकतो.

हो म्हणून निघून जाणं सोपं होतं. मी सायकल स्टँडला लावली, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो. त्याचं हसू थांबेपर्यंत सांगत राहिलो.