गाडलेली मोहरी

लोकांच्या कष्टांवर पाणी फिरतं, माझ्या कष्टांवर खराखुरा नांगर फिरला. शाळेतून आले, दप्तर अजून पाठीवरच, आणि बघते तर विहिरीकडचा तुकडा उलथापालथा! फुलोऱ्यावर आलेली माझी मोहरी ढेकळांखाली, वर नुसते देठ डोकावतायत. काका बांधावर घाम पुसत बसलेले, चेहरा असा की आता कुणी हार घालेल.

"काका! हे काय करून ठेवलंत?"

"तुझंच काम हलकं केलं गं. हिरवं पीक गाडलं की जमीन लोण्यासारखी होते."

त्या तुकड्याला लागून पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. भट्टी गेली, शिसं मातीत राहिलं. माती तपासणाऱ्या बाईंनी आईला सांगितलं, इथलं एक पानही खाऊ नका. तेव्हापासून घरची जमीन असून आई बाजारात भाजीच्या रांगेत. मोहरी मातीतलं शिसं थोडंथोडं ओढून घेते, हे त्याच बाईंकडून ऐकून मी पेरलेली. आईला तिचा वाफा परत द्यायचा, एवढंच डोक्यात होतं.

"काका, शिसं पानांत जातं, म्हणून पीक उपटून बाहेर न्यायचं! तुम्ही सगळं विष होतं तिथं परत पुरलंत!"

"असं कसं? झाडानं विष खाल्लं ना? मग पचवलं असणार."

"ते पचत नाही! किती वेळा सांगितलं!"

"तू दिवसभर बोलतेस. त्यातलं कुठलं ऐकायचं, हे कोण सांगणार?"

आई दारातून हसली. हसली! मला रडू येत होतं आणि ही हसत होती. मग तिनंच हातमोजे आणले, पदर खोचला आणि पहिलं ढेकूळ फोडलं.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं ढेकळांतून मोहरी वेचत होतो. पानं चुरगळलेली, मुळं तुटलेली. काका कण्हत, कंबर धरत, मधूनच पुटपुटत, "आयुष्यात पहिल्यांदा पेरणी उलटी करतोय." पोती भरली, पण निम्मं तरी मातीतच राहिलं.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता पुन्हा पेरायचं. आणि त्यानंतर पुन्हा."

काकांनी पोत्याचं तोंड बांधलं. "बरं. या खेपेला एकच वाक्य सांग. एकच."

"उपटायचं आणि बाहेर न्यायचं."

सकाळी शेजारची गवळण म्हशीसाठी उरलासुरला पाला मागायला आली. काकांनी तिला बांधावरच अडवलं. "हात लावू नकोस! शिसं पचत नसतं, पानांत साठतं. उपटायचं आणि बाहेर न्यायचं!" असं तावातावानं समजावत होते, जणू हा शोध त्यांनीच लावला.

गवळण म्हणाली, "तुमच्यासारखं जाणतं माणूस घरात आहे म्हणून बरं."

माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली. आईनं माझ्या हातात बियाण्याची पिशवी दिली. दहाही गिळली, आणि पेरायला वाकले.