येरंडगावच्या विहिरीतली गंगा

"आज या क्षणी हिमालयातली भागीरथी पाताळमार्गे वऱ्हाडात दाखल झालेली आहे!" अशी घोषणा गंगागिरी महाराजांनी येरंडगावच्या नदीकाठच्या विहिरीवर उभं राहून केली, आणि जमलेल्या गर्दीनं असा काही जयजयकार केला की बाभळीवरचे बगळे उडून गेले.

भागीरथी पाताळमार्गे आली असेलही. महाराज मात्र अचलपूरच्या एसटीनं आले होते आणि व्याघ्रचर्माचं लगेज लागतं की नाही यावरून कंडक्टरशी हुज्जत घालत उतरले होते. कंडक्टरनं ते कातडं चाचपून पाहिलं आणि "हे बैलाचं हाय, वरून पट्टे काढेल हायत" असा निर्वाळा देऊन घंटी मारली होती.

येरंडगाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कपाशी झकास, आणि विहिरींचं पाणी असं खारं की चहा नासायचा, साबण फेस द्यायला तयार नसायचा आणि तुरीची डाळ अर्धा दिवस उकळली तरी दाणे एकमेकांना ओळख देत नसत. गोड पाणी फक्त पावसाचं, आणि ते धामणी नदीतून धावत पूर्णेला जाऊन मिळायचं. त्याला गावात थांबवावं म्हणून 'धामणी सेवा समिती' निघाली. सकाळी प्रार्थना, मग श्रमदान. डोहातला गाळ टोपल्यांनी काढायचा आणि खाली दगडमातीचा बंधारा घालायचा. गेल्या पावसाळ्यात अर्धामुर्धा बंधारासुद्धा पाणी धरून राहिला. काठावर समितीनं विहीरही खोदली. खोदताना ती सगळ्यांची होती. त्यातही खाली उतरून पहार मारणारे बहुतेक मोतीरामच्या वस्तीतले होते. छप्पन्न साली बौद्ध झालेली ती वस्ती देव सोडून मोकळी झाली होती, पण टोपली तिनं सोडली नव्हती.

आता १९५९ सालचा वैशाख होता. पाऊस तोंडावर आलेला आणि बंधाऱ्याच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं खिंडार बाकी. ते बुजलं नाही तर काढलेला गाळ पहिल्याच पुरात परत डोहात. समितीचे चिटणीस आणि शाळेचे मास्तर रविकांत यांची त्या खिंडाराच्या काळजीनं झोप उडाली होती. आणि सारं गाव खिंडार सोडून तीर्थाच्या रांगेत उभं होतं.

तीर्थाचा चमत्कार साधा होता. पहाटे महाराज तांब्याचा कळस रेशमी दोरीनं विहिरीत सोडत आणि वर काढत. पाणी गोड! शेषराव पाटलांच्या घरी त्यात तुरीची डाळ शिजली. "लोण्यासारखी झाली वो माय!" असं पाटलीणबाई साऱ्या आळीला सांगून आल्या. मग गावकरी आपली लोखंडी बालटी सोडत, तर पाणी खारट.

"पापाचा खार!" महाराज डोळे मिटून सांगत. "ज्यांनी देवधर्म टाकला त्यांचे हात या झऱ्याला लागले आहेत. त्यांना दूर ठेवा, बच्चा. गंगामाई रुसली आहे."

दोनच दिवसांत विहिरीभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण पडलं. मोतीरामच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन आल्या तशा परत गेल्या.

"गुरुजी," मोतीराम रविकांतला म्हणाला, "विहीर खोदू तवरी आमी भाऊ होतो. पानी लागलं अन् पापी झालो. हे कोन्त्या शास्त्रात बसते?"

रविकांतला शास्त्र ठाऊक होतं, म्हणून तर तो शांत होता. बंधाऱ्यानं धरलेलं गोड पाणी जमिनीतून पाझरून विहिरीत उतरत होतं. गोड पाणी हलकं, खारं जड. रात्रभर विहीर निवांत राहिली की गोड पाणी वर सायीसारखं धरायचं. कळस अलगद टेकवला की साय मिळायची. बालटी धपकन आपटली की सगळं ढवळून खारं व्हायचं. त्यानं स्वतःच हे महिन्याभरापूर्वी समितीचे अध्यक्ष मोरोपंत यांना ओट्यावर बसून काचेच्या पेल्यात करून दाखवलं होतं. खाली मिठाचं पाणी, वरून चमच्यानं सोडलेलं शाईचं निळं गोड पाणी. पंत लहान मुलासारखे टाळ्या पिटत म्हणाले होते, "वा रवी! हे कुणालाही पटेल!"

मोरोपंत अमरावतीचे निवृत्त वकील. अंगात दैवत आणणाऱ्या एका भगताला त्यांनी भर कोर्टात रडवलं होतं. "खोट्यावर उभं केलेलं चांगलं काम उलटतपासणीत टिकत नाही, रवी," हे त्यांचं वाक्य रविकांत शाळेतल्या पोरांनाही ऐकवायचा. पंत चार शब्द बोलले की गाव ऐकेल, अशी त्याची खात्री होती.

पहाटे तो पेला, मीठ आणि शाईची दौत पिशवीत टाकून विहिरीवर गेला. सोबत मोतीराम आणि त्याची बायको केशरबाई. गर्दीत पुढच्या रांगेत पंत बसलेले, कपाळाला ताजं गंध.

"पंत, गावाला सांगा ना. पेल्यात आपण काय पाहिलं होतं?"

पंतांनी चष्मा पुसला. "कुठला पेला? वय झालं रे, आठवत नाही."

रविकांतला वाटलं, पंत थट्टा करताहेत. पण पंत चष्मा पुसतच राहिले.

"मास्तर, मधे काहून येऊन राहिले?" शेषराव पाटील गुरकावले. "डाळ शिजली का नाई शिजली?"

"शिजली, पाटील. एवढंच करू. आज महाराजांच्या आधी केशरबाई पाणी काढतील."

एकच गलका उठला. महाराज व्याघ्रचर्मावरून अर्धे उठले. "गंगा बाटेल!"

केशरबाईनं पदर खोचला. "महाराज, हे विहीर खोदतानी मी तळाले उतरली होती. तवा तुमची गंगा बाटली नाई. आता वरतून गडू सोडला तं कशी बाटन?"

कुणीतरी खुसकन हसलं. तेवढ्या वेळात मोतीरामनं कुंपणाच्या फांद्या बाजूला केल्या आणि केशरबाईनं पितळी गडू दोरीनं सोडून अंड्यावर अंडं ठेवावं तसा पाण्याला टेकवून वर घेतला. शेषराव पाटील नाक मुरडत होते, पण कुतूहलापुढं नाकाचं चाललं नाही. एक घोट घेतला.

"च्या मायले! गोड हाय!"

"आमच्या तपाचा शिल्लक प्रभाव," महाराज घाईनं म्हणाले. "पण आता बाटली. आता जो पुण्यवान काढील त्यालाच मिळेल."

"मग गावातला सर्वांत पुण्यवान माणूस तुम्हीच सांगा," रविकांत म्हणाला.

महाराजांनी क्षणाचाही विचार न करता बोट दाखवलं, "वकीलसाहेब."

लोखंडी बालटी पंतांच्या हाती दिली. पंत बालटी कशी टाकतात हे साऱ्या गावाला माहीत होतं. विहिरीच्या उद्घाटनाला त्यांनी ती अशी आपटली होती की फोटोग्राफरचा कॅमेरा भिजला. आज पंतांनी दोर दोन्ही हातांनी धरला. बालटी काठाला लागू न देता, बाळ पाळण्यात ठेवावं तशी, इंच इंच खाली सोडली.

रविकांत त्या हातांकडं पाहत राहिला. ज्याला काही माहीत नाही तो माणूस बालटी अशी सोडत नाही.

"पंत," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला पेला चांगलाच आठवतो."

पंतांनी मान वर केली. नजरेला नजर भिडली आणि त्यांच्या हातातून दोर सुटला. धप्प! पाणी उसळलं. मोतीरामनं निसटता दोर पकडून बालटी ओढून घेतली. शेषरावांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थू थू करत मागे सरले.

"पंत, तुमी तं लयच पापी निघाले राजेहो!"

गर्दी हसली. पंत हसले नाहीत. मग रविकांतनं मीठ, पेला, शाई काढून सगळ्यांसमोर तो खेळ मांडला. खाली पांढरं, वर निळं. चमचा फिरवला, सगळं एक झालं. "हीच तुमची विहीर," तो म्हणाला, "आणि हा चमचा म्हणजे तुमची बालटी." लोक पेल्याकडं पाहत होते तोवर महाराजांनी कातडं गुंडाळलं होतं. दर्यापूरच्या एसटीला अजून अवकाश होता, पण त्यांना अकस्मात पायी यात्रेची ओढ लागली.

बाभळीखाली पंत एकटे उभे होते.

"तुम्ही त्याला शिकवलंत?" रविकांतनं विचारलं.

"शिकवलं. वैशाखात टोपली उचलायला मोतीरामची वस्ती आणि आपण दोघं उरलो होतो, रवी. म्हटलं, श्रद्धेनं का होईना, गाव नदीवर येईल. तुझ्या पेल्यानं आलं असतं का?"

"आलं की गाव. रांगेत उभं राहिलं. एकानं तरी टोपली उचलली?"

पंतांनी खिंडाराकडं पाहिलं.

"आणि मोतीरामची माणसं?"

"त्यांना तो दूर ठेवायला सांगेल, हे मला ठाऊक नव्हतं... मग म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

रविकांतला पुष्कळ बोलायचं होतं. पण ज्याच्याकडून बोलायला शिकलो त्याच्याशी कोणत्या शब्दांत भांडायचं, हे काही पंतांनी शिकवलं नव्हतं. तो वळला आणि विहिरीच्या काठावर चढला.

"लोकहो," तो म्हणाला, "गंगा आली नाही. पाणी आलं, ते तुमच्या टोपल्यांनी आणलं. ज्यांनी ती सर्वांत जास्त वाहिली त्यांनाच तुम्ही कुंपणाबाहेर काढलंत. उद्या कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एकदा विचारा, कसं केलं? मीही सांगितलं तर मलाही विचारा. पंतांवर मी काही न विचारता विश्वास ठेवला, ही माझी चूक. आता ते खिंडार बुजवू या, म्हणजे विहीर तळापर्यंत गोड होत जाईल."

मोतीरामनं टोपली उचलली. शेषराव पाटलांनी इकडं तिकडं पाहिलं आणि तेही धोतर खोचू लागले. रविकांतचे डोळे भरून आले.

तेवढ्यात म्हातारी पार्बताबाई गर्दीतून वाट काढत, काठी टेकत त्याच्यापाशी आली आणि त्याच्या हातातल्या पेल्याकडं बोट दाखवत हळूच म्हणाली,

"मास्तर, बुवा खोटाच होता, मले पटलं. पन हे निळं पानी थोडंसं देता का? गुडघ्याले लावून पायतो."